नाताळचे झाड घेताना

गेल्या वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक ऑटो दारात येऊन थांबला. चालवणारा बाप, मागे आई आणि तिच्या मांडीवर नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या छातीतला शिट्टीसारखा आवाज पायरीवरूनच ऐकू येत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात होती. नेब्युलायझर लावला, औषधे दिली. तासाभराने श्वास जागेवर आला. दम्याचे हे लेकरू माझ्या ओळखीचे. त्याआधीचा महिनाभर त्याला पंपाची फारशी गरजही पडली नव्हती. मग त्याच दिवशी असे काय झाले? आई आठवून म्हणाली, "मॅडम, वेगळं काहीच नाही झालं. संध्याकाळी माळ्यावरचं झाड काढलं, एवढंच."

झाड म्हणजे नाताळचे, प्लास्टिकचे, सासऱ्यांच्या वेळचे. अकरा महिने ते उघड्या पोत्यात माळ्यावर पडून होते. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद केलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते झटकले गेले आणि फांद्या उलगडण्याचे काम अर्थातच मुलाने हौसेने केले. पुढचे सांगण्याची गरज नाही.

यंदा नोव्हेंबरच्या अखेरीस ही आई मुलाला तपासणीसाठी घेऊन आली, तेव्हा तिने मोबाइलवर दोन झाडांची चित्रे माझ्यापुढे धरली. "पोरगं काही आयकत नाही मॅडम. दिवे आतच बसवलेलं झाड पायजे म्हणते. पंधराशाच्या वर आमचं जमत नाही. कोणतं घेऊ?" एक झाड पाच फुटी, भरगच्च, दोनशे दिव्यांचे, दुसरे तीन फुटी, पन्नास दिव्यांचे, आणि किंमत जवळपास तेवढीच. वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय आम्हाला नव्हता. तरीही गेल्या वर्षीच्या त्या रात्रीनंतर "तुमचे तुम्ही ठरवा" असे सांगणे मला जमले नाही. दवाखान्यातील इन्व्हर्टरची देखभाल करणाऱ्या आमच्या वायरमनदादांना सोबत घेऊन मी दोन संध्याकाळी बाजारातील अशी झाडे आणि त्यांची खोकी पाहिली. त्यातून जे कळले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

वऱ्हाडात नाताळ नवा नाही. अकोल्यात अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहे. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. अचलपूरजवळील कोठारा येथील कुष्ठरुग्णांचे रुग्णालय तर या भागातील प्रत्येक जुन्या डॉक्टरला ठाऊक आहे. माझे माहेर अकोल्याचे. आमच्या शेजारी एक परिचारिका राहत असत. आम्ही मुले त्यांना सिस्टर मावशी म्हणत असू. त्यांच्या घरी डिसेंबरात सुरूची फांदी येई. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून, बाहेरून गेरू लावून, ती फांदी त्यात रोवली जाई आणि तिच्यावर बर्फ म्हणून चक्क कापूस पसरला जाई. कापसाच्या मुलखात बर्फ तो असाच पडणार! एका वर्षी त्या कापसाशेजारी लावलेली मेणबत्ती कलंडली आणि मावशींनी हातातील ओले फडके टाकून ती वेळीच विझवली. तेव्हापासून त्यांच्या झाडावर दिवा असा लागलाच नाही. दिवा दारातील कागदी ताऱ्यात.

मेणबत्त्यांची ही भीती जुनीच. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि ही जर्मन रीत इंग्रजी घरांत पसरली. त्या झाडावर मेणबत्त्याच होत्या. विजेचे दिवे झाडावर प्रथम चढले ते १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर ८० रंगीत दिवे लावले होते. कृत्रिम झाडही परकीय कारखान्यांचा कालपरवाचा शोध नव्हे. हंसाची पिसे हिरवी रंगवून ती तारेवर गुंडाळायची आणि झाड उभे करायचे, ही युक्ती एकोणिसाव्या शतकातील जर्मनांची. आज पिसांच्या जागी पीव्हीसी प्लास्टिकच्या कातरलेल्या पट्ट्या आल्या आहेत. आतील तार मात्र तशीच आहे, आणि माझ्या मते ग्राहकाने सर्वांत आधी याच तारेचा विचार करावा.

कृत्रिम झाडाची प्रत्येक फांदी म्हणजे दोन पोलादी तारांना पीळ देऊन मध्ये पकडलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत. या फांद्या मधल्या लोखंडी दांड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे हिरवा रंग बाजूला ठेवला तर आपण घरात एक धातूचा सांगाडा उभा करतो. दिवे आतच बसवलेल्या झाडात विजेची बारीक तार या सांगाड्याला जागोजागी बांधलेली असते. दरवर्षी झाड उघडताना-मिटताना ती तार फांदीच्या टोकदार पोलादावर घासते. तिचे आवरण कुठे सोलले गेले आणि आतून पूर्ण दाबाची वीज वाहत असली, तर सगळे झाडच हात लावण्याजोगे राहत नाही.

"पण मॅडम, दिवे तर एवढेसे असतात," असे मला अनेकांनी ऐकवले. येथेच फसगत होते. एका एलईडी दिव्याला साधारण ३ व्होल्ट पुरतात हे खरे. परंतु स्वस्त माळांत असे सत्तर-पंच्याहत्तर दिवे एकामागून एक ओवून ती साखळी थेट घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडलेली असते. मधली छोटी डबी दिव्यांची उघडझाप करते. ती दाब कमी करत नाही. माळ धडधाकट असताना हा दाब सर्व दिव्यांत वाटला जातो. एखादा दिवा निखळला की तुटलेल्या टोकाशी पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात आणि नेमके तेच टोक "बघू, कुठे तुटले" म्हणून बोटांनी चाचपले जाते. ५ वॅटचा दिवा लावण्यासाठी सुमारे २२ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. हाताचे स्नायू आखडून तार सोडता येऊ नये, यासाठी तेवढा प्रवाह पुरेसा आहे. हात ओला असेल, पाय अनवाणी असतील आणि फरशी नुकतीच पुसलेली असेल, तर शरीरातून त्याहून कितीतरी अधिक प्रवाह जाऊ शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते.

म्हणून दिवे आत असलेले झाडच घ्यायचे असेल, तर त्याची वायर सॉकेटजवळ जिथे संपते तिथे पाहा. तिथे मोबाइलच्या चार्जरसारखा अॅडॉप्टर असला पाहिजे आणि त्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी असल्या पाहिजेत. इनपुटच्या ओळीत २३० किंवा १०० ते २४० व्होल्ट, आउटपुटच्या ओळीत ५, १२, २४ किंवा ३१ असा लहान आकडा. आउटपुटचा आकडा पन्नासच्या आत असेल आणि अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असेल, तर झाडात खेळणारी वीज सामान्यतः इजा करणारी नसते. वायरच्या टोकाला अॅडॉप्टर नसून नुसताच दोन पिनांचा प्लग असेल, तर मुले असलेल्या घरात ते झाड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी यूएसबीची लहान झाडेही मिळतात. ती ५ व्होल्टवर चालतात. दिसायला साधी, पण निर्धोक.

दाखवलेल्या दोन झाडांपैकी पाच फुटी झाडाच्या वर्णनात अॅडॉप्टरचा उल्लेख नव्हता. चित्रात शेवटी प्लग दिसत होता. तीन फुटी झाडाला २४ व्होल्टचा अॅडॉप्टर होता. किंमत सारखी असूनही आकारात एवढा फरक का, याचे उत्तर बहुधा तिथेच होते. पैसे फांद्यांत घालायचे की वायरीत, असा तो हिशेब आहे.

याच ओघात एक इशारा. आपल्याकडील अनेक घरांतील मुले आता न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात आहेत. सुटीला येताना कोणी हौसेने तिकडचे दिव्यांचे झाड आणतात, किंवा तिकडून परत येताना घरचे झाड बॅगेत घालतात. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आहे. आपल्याकडे मिळणारा पिन बदलणारा छोटा ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. ती माळ आपल्या २३० व्होल्टला जोडली की दिवे क्षणभर लखलखतात आणि मग जळतात. वायरही वितळू शकते. अॅडॉप्टरवर १०० ते २४० असे छापलेले असेल तरच लावावी. अन्यथा झाड ठेवावे आणि माळ काढून टाकावी.

आता श्वासाकडे वळू. दम्याच्या रुग्णाच्या घरात दिवे आतच बसवलेल्या झाडाला माझा आक्षेप वेगळाच आहे: ते धुता येत नाही. साधे प्लास्टिकचे झाड अंगणात किंवा गच्चीवर नेऊन पाण्याने धुता येते, उन्हात वाळवता येते. वायरी गुंफलेल्या झाडाला पाणी लावणे शक्य नसते. फार तर किंचित ओलसर फडक्याने एकेक फांदी पुसायची, तीही प्लग काढून, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा जोडायचे नाही. दोनशे दिव्यांचे पाच फुटी झाड असे कोण पुसत बसणार? न पुसता घरात आणलेल्या झाडाबरोबर वर्षभराची धूळ, त्यातील सूक्ष्म किडे, झुरळांचे अवशेष आणि माळा ओलसर असल्यास बुरशीही येते. आपल्याकडे डिसेंबर हा तसाही छातीला जड महिना. पहाटेची थंडी, शेतातील आणि रस्त्यांवरील धूळ, जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू, सकाळ-संध्याकाळच्या शेकोट्यांचा धूर. त्यात बंद खोलीतील धुळीची भर कशाला?

म्हणून ज्या घरात दमा, सतत शिंका येणारी ॲलर्जी किंवा धुराने छाती निकामी झालेली वृद्ध आजी आहे, तिथे माझी शिफारस साध्या, दिवे नसलेल्या झाडाची आहे. दिव्यांची माळ वेगळी घ्यावी, किंवा घेऊच नये, कारण दिवाळीची माळ घरात असतेच! तिला अॅडॉप्टर असल्याची खात्री करून तीच झाडावर चढवावी. खर्चाच्या दृष्टीनेही हे बरे. झाड नीट ठेवले तर आठ-दहा वर्षे सहज जाते. माळ त्याच्या निम्मी वर्षे टिकेल याचीही खात्री नसते. आतच बसवलेल्या माळेतील दिवे बहुतेकदा वायरीला पक्के जोडलेले असतात, ते बदलता येत नाहीत. एक दिवा गेला की झाडाचा एक पट्टा अंधारात जातो आणि मग नवीन माळ वरून गुंडाळावीच लागते. दुकानदाराला एवढेच विचारावे: "दिवे बदलता येतात का? माळ क्लिपा काढून सोडवता येते का?" दोन्हींचे उत्तर नाही आले, तर दिव्यांसाठी दिलेले जादा पैसे दोन-तीन नाताळांपुरते आहेत असे समजावे.

विजेच्या बिलाची काळजी मात्र करू नये. शंभर एलईडी दिव्यांची माळ ६ वॅटची धरली आणि रोज पाच तास, पंधरा दिवस लावली, तरी अर्धे युनिटही होत नाही. जुन्या, तापणाऱ्या तांदूळ-दिव्यांची माळ असेल तर तिला याच्या पाच-सात पट वीज लागते आणि ती गरम होते हे अधिक वाईट. तशी माळ अजून घरात असल्यास ती प्लास्टिकच्या झाडावर लावू नये.

नव्या झाडाला येणारा उग्र वास पीव्हीसीचा असतो. खोके उघडून झाड दोन दिवस गच्चीवर सावलीत ठेवले की तो बराच कमी होतो. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. आपल्याकडे पीव्हीसीच्या पाइपांतून शिसे हटवण्याचे नियम २०२१ मध्ये निघाले, ते पाइपांपुरतेच. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण जुने, पाने ठिसूळ होऊन ज्याचा भुगा पडतो असे झाड रांगत्या मुलाच्या घरात ठेवू नये. झाड लावून झाल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपावा. खरेदी करतानाच एक फांदी धरून हलवून पाहावी. नव्याच झाडाची पाने गळत असतील तर पुढच्या वर्षी काय उरणार? आणि टाकून द्यायचे झाड कृपा करून शेकोटीत घालू नका. जळत्या पीव्हीसीतून निघणारा आम्लयुक्त वायू डोळे आणि फुप्फुसे दोन्ही जाळतो. ते कोरड्या कचऱ्यात द्यावे.

फवारून मारायचा बर्फ आणि देवदाराच्या वासाचे फवारे, दम्याच्या घरात दोन्ही नकोत. झगमगणारी जरी दिव्यांच्या वायरीजवळ गुंडाळू नये. तिच्यावरील चंदेरी थर धातूचा असू शकतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या चकचकीत झाडांची लाट आली होती, तेव्हा त्यांच्यावर विजेची माळ लावू नका असे बजावले जाई आणि लोक लांबून रंगीत दिव्याचा झोत टाकत. फेफऱ्याचा त्रास असलेल्या मुलाच्या घरी दिवे भराभर उघडझाप करणारे ठेवू नयेत. डबीवरील बटण दाबून स्थिर प्रकाश निवडावा.

एका गोष्टीवर मात्र थोडे थांबले पाहिजे. टेबलावर ठेवायची गाणारी, लुकलुकणारी जी छोटी झाडे मिळतात, त्यांत पुष्कळदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. तिचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते झाड घरात आणूच नका. दोन वर्षांच्या मुलाने ही बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत तिथे गंभीर जखम होऊ शकते. शंका जरी आली, तरी उलटी करवू नये, केळी-भात खाऊ घालून "उद्या पडेल" म्हणून वाट पाहू नये. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार किंवा जे एक्स-रे व दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय जवळ असेल तिथे लगेच निघावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, त्याने जखम थोडी रोखली जाते. पण मध शोधण्यासाठी निघणे लांबवू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.

आणि विजेचा धक्का बसून कोणी चिकटले, तर प्रथम मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने तार दूर सारावी. त्या व्यक्तीला हाताने धरू नये. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर दाब देणे सुरू करावे. घराच्या मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले असेल, तर असा प्रसंग बहुधा टळतो. ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी झाडाचा विचार करण्याआधी त्याचा करावा.

झाड दारापासून, पडद्यापासून आणि समईपासून दूर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवावे. मधला दांडा सुतळीने खिडकीच्या गजाला बांधावा, म्हणजे ओढले तरी अंगावर येत नाही. झोपताना आणि घराबाहेर जाताना प्लग काढावा. नाताळानंतर पुसून, कोरडे करून, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावे; माळ वेगळ्या डब्यात, कारण माळ्यावर उंदीर असतात आणि त्यांना वायर कुरतडायला आवडते.

ज्यांना प्लास्टिकच नको, त्यांनी रोपवाटिकेतील मोरपंखी पाहावी. पानांतून पसरट, वरून निमुळती, कुंडीत वर्षानुवर्षे राहते आणि नाताळानंतर पुन्हा अंगणात जाते. सुरूची फांदी आता पूर्वीसारखी सहज मिळत नाही, आणि तोडून आणलेली आठ दिवसांत वाळून पेट घेण्याजोगी होते.

त्या आईने शेवटी काय घेतले? दोन्ही चित्रे सोडून चार फुटी, साधे, दिवे नसलेले झाड. आणि दिवाळीची अॅडॉप्टरची माळ घरात होतीच. नऊशे रुपयांत काम झाले. मुलाचा हिरमोड होईल अशी तिला धास्ती होती. परवा तो तपासणीला आला, तेव्हा छाती मोकळी होती आणि पंप कसा घ्यायचा हे त्याने मला नीट करून दाखवले. मग आईकडे बघत विचारले, "डॉक्टर, झाडावर कापूस लावू का? बर्फावानी दिसते." मी म्हटले, लाव, पण फांद्यांवर नको, खाली बुंध्याभोवती, वायरीपासून हातभर दूर. आणि पसरायचे काम आईला करू दे.